पायातून काढल्यावर

लिफ्टशेजारी नोटीस लागली, नेजदेत बेंच्या सहीनिशी:
जिन्यात पादत्राणे ठेवू नयेत,
सोमवारपासून उचलली जातील.
आमच्या दारासमोर तेव्हा अकरा जोड होते
आणि एक एकटा बूट, ज्याचा जोडीदार
वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने नेला होता.

पायातली वहाण पायातच बरी म्हणतात.
पायातून काढल्यावर ती कुठे बरी,
हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मी टेप काढली. एक्केचाळीस वर्षं गळ्यात होती,
एस्किशेहिरमधल्या निम्म्या नवरी मुलींच्या कमरा तिला पाठ आहेत.
आमच्या दारामागची जागा तिने कधी पाहिली नव्हती.
रुंदी एकशे बारा, लांबी एकशे चाळीस,
त्यात दार उघडतं आतल्या बाजूला, ते ऐंशी खातं.
उरतो तो कटपीस.

इर्फान म्हणाला, आई, कपाट आणू.
आणलं. पत्र्याचं, पांढरं, सतरा सेंटिमीटर खोल.
बूट त्यात नाक खाली घालून उभे राहतात,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
सुनेचे बसले, माझे बसले, छोट्या निहानचे लाल गमबूट
बसून वर जागा उरली.
आल्पेरचे घातले आणि कपाट आ वासून राहिलं
दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यागत.
शेहेचाळीस नंबर!
परवापरवापर्यंत हा मुलगा माझ्या सपाता घालून
कचरा टाकायला जायचा.

कपाट परत गेलं. मग मी माझ्या पद्धतीने घेतलं.
खाकी कागदावर एकेक तळवा ठेवला,
भोवती पेन्सिल फिरवली, कातरीने कापला,
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडत गेले
टाचेला चवडा, चवड्याला टाच,
बाह्या बेततो तशा, उलटसुलट,
चार बोटं कापड वाचवायला.

ह्यांचा काळा जोड खरं तर ह्यांचा नाहीच.
तीन वर्षांपूर्वी शुक्रवारच्या नमाजाहून
दुसऱ्याचाच घालून आले, अर्धा नंबर मोठा.
पुढे कापूस भरून चालवतात.
शहरात कुठेतरी कुणीतरी
ह्यांच्या जोड्यात बोटं आखडून चालत असेल,
आणि मी ह्या कागदावर
त्या अनोळखी माणसाच्या पायाची कड कापते आहे.

गुलदेन रात्रपाळीला निघाली होती, डबा हातात.
दारातच थांबली. म्हणाली,
"अख्खं घर जमिनीवर झोपल्यासारखं दिसतं."
मग उकिडवी बसून तिने
स्वतःच्या उंच टाचांचा कागद हळूच बाजूला केला.
"हे आता मी कुठे घालते."
ती गेल्यावर मी तो परत मांडला.
उंच टाचेला जागा कमीच लागते.

शेवटी झालं ते असं:
दाराच्या फेऱ्याबाहेर तीन फळ्या,
खाली बकलाव्याचा जुना ट्रे, बुटांवरचं बर्फ वितळायला,
आल्पेरला सगळ्यात खालचा मजला, आडवा.
पाहुण्यांच्या सपातांना दाराच्या पाठीवर
जुन्या पडद्याच्या खिशांची पिशवी, आठ खिसे,
दुहेरी शिवण.
एकट्या बुटात आता छत्री उभी आहे.

सोमवारी नेजदेत बे तपासणीला आले.
जिना मोकळा. मान हलवली.
मी म्हटलं, आत या, चहा घेऊन जा.
आणि ते वाकले, सवयीने,
दोन्ही बूट दाराबाहेर काढून ठेवले,
पिशवीतल्या सपाता घालून आत आले.
फळ्यांचं कौतुक केलं. ट्रे बोटाने वाजवून पाहिला.
चहाचा दुसरा पेलाही नको म्हणाले नाहीत.

मी हळूच बाहेर गेले.
एका नाडीला दोन ठिकाणी गाठी,
आतला तळ उचकटलेला, बेचाळीस नंबर, फार तर.
मधल्या फळीवर सहज मावले असते.
रीतीप्रमाणे मी त्यांची तोंडं जिन्याकडे फिरवली,
निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून,
आणि दार ओढून घेतलं.

सोमवार होता.
उचलायला कुणी आलं नाही.